बार्कलींचा एडीएचडी सिद्धांत तिसरी-चौथीच्या वर्गात कसा वापरायचा?

पाटीपुस्तक (प्रश्न)

नमस्कार. तिसरी-चौथीला शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी एडीएचडीवर (अवधान कमी पडणं आणि अतिचंचलता यांचा विकार) अर्ध्या दिवसाचं सत्र तयार करते आहे. पाया म्हणून अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांचं संशोधन घ्यायचं ठरवलंय. 'मूल लक्ष देत नाही' एवढ्यावर न थांबता ते नेमकं कुठे अडतं हे त्यांनी फार नेमकेपणाने मांडलंय. १९९७ साली 'सायकॉलॉजिकल बुलेटिन'मध्ये आलेला त्यांचा मूळ लेख वाचला आहे. तरी काही गोष्टी जाणकारांकडून पक्क्या करून घ्यायच्या आहेत.

तो सिद्धांत आज जसाच्या तसा सांगता येईल का, की त्यातलं काही मागे पडलंय? 'एडीएचडी असलेलं मूल वयाच्या ३० टक्के मागे असतं' हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं, ते शिक्षकांसमोर ठेवावं का? चाळीस-पंचेचाळीस मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षिकेला रोज निभेल अशी पद्धत कोणती? आणि वर्गात धिंगाणा न घालणारी, खिडकीबाहेर बघत बसणारी, हळू लिहिणारी मुलं याच सिद्धांतात बसतात का? या मुलांबद्दल शिक्षक हमखास विचारतात.

हस्तपुस्तिकांतून मिळणारी सर्वसाधारण माहिती माझ्याकडे आहे, त्यामुळे उत्तरं तपशिलात दिलीत तर बरं.

---

मनोविद्या

पाटीपुस्तक ताई, विषय चांगला निवडलात. आधी सिद्धांताबद्दल.

बार्कलींच्या मांडणीत मुळाशी लक्ष नाही, थांबणं आहे. हे थांबणं तीन प्रकारचं. मनात आलेली पहिली कृती न करणं, सुरू असलेली कृती मध्येच आवरणं, आणि आपलं काम चालू असताना बाकीच्या गडबडीला आत येऊ न देणं. क्षणभर थांबता आलं, तरच त्या क्षणात पुढची चार कामं होऊ शकतात: मागचं-पुढचं डोळ्यांसमोर धरणं, स्वतःशी मनातल्या मनात बोलून स्वतःला सूचना देणं, भावना आणि हुरूप सांभाळणं, आणि माहितीची मोडतोड करून नवा मार्ग जुळवणं. थांबणंच जमलं नाही तर ही चारही कामं लंगडी पडतात. मनातल्या बोलण्याचा भाग त्यांनी व्हिगॉट्स्कींच्या विचारावरून घेतला आणि प्रतिसाद लांबवण्याची कल्पना जेकब ब्रोनोव्स्की यांच्या मांडणीवरून.

वर्गात हे कसं दिसतं ते शिक्षकांना एका सूचनेवरून दाखवा. "वही काढा, तारीख घाला, पान बेचाळीसवरचं तिसरं उदाहरण सोडवा." मूल दप्तर उघडतं. वहीच्या आधी हाताला कंपासपेटी लागते, तिच्यातला नवा खोडरबर दिसतो, आणि तिथेच गाडी थांबते. त्याला सूचना कळली नव्हती असं नाही. त्याच मिनिटाला विचारलं तर ते "तिसरं उदाहरण" असं बरोबर सांगेलही. सूचना माहीत आहे, पण ती त्या क्षणी त्याच्या हाताला वळण देत नाही. बार्कली पुन्हा पुन्हा सांगतात की ही अडचण ज्ञानाची नाही, माहीत असलेलं वेळेवर करण्याची आहे. सत्रात एकच गोष्ट रुजवायची असेल तर ही रुजवा. तिच्यातून निघणारा निष्कर्षही लगेच जोडा. 'वर्गात कसं वागावं' यावर समुपदेशकाच्या खोलीत दिलेले तास वर्गात फारसे उपयोगी पडत नाहीत. मदत जिथे आणि ज्या क्षणी काम करायचं असतं तिथेच लागते.

आता मर्यादा. स्वतः बार्कलींनी १९९७ मध्येच लिहिलं होतं की ही मांडणी चंचलता-उतावीळपणा असलेल्या मुलांसाठी आहे, केवळ अवधान कमी असलेल्या गटासाठी नाही. लोक हे वाक्य गाळून पुढे जातात. दुसरं, २००५ साली विलकट आणि सहकाऱ्यांनी ८३ अभ्यास एकत्र करून पाहिले. थांबणं, कार्यकारी स्मृती, नियोजन यांच्या चाचण्यांत एडीएचडी गट मागे होता, पण फरक मध्यम आकाराचा, साधारण ०.४६ ते ०.६९ प्रमाण विचलनांचा. म्हणजे एडीएचडी असलेली बरीच मुलं या चाचण्यांत सर्वसामान्य गुण मिळवतात. 'सगळ्यांत हाच एक दोष' असं म्हणता येत नाही. एडमंड सोनुगा-बार्क यांनी दुसरी वाट दाखवली: काही मुलांना वाट पाहणंच नकोसं होतं, म्हणून ती नंतरच्या मोठ्या बक्षिसापेक्षा आत्ताचं छोटं उचलतात. पुढे त्यांनी वेळेच्या अंदाजातला दोष ही तिसरी वाट धरली. आज बहुतेक अभ्यासक अनेक वाटा मानतात. बार्कलींची वाट त्यांतली सगळ्यांत सविस्तर आखलेली आहे, असं सांगा.

शिक्षक आणि पालक 'चाचणी करून आणा' म्हणतात, त्याबद्दलही एक मिनिट ठेवा. संगणकावर अक्षर दिसलं की बटण दाबायच्या चाचणीवरून निदान होत नाही. टोप्लाक, वेस्ट आणि स्टॅनोविच यांनी २०१३ साली तपासलं तेव्हा अशा चाचण्या आणि रोजच्या वागण्यावरच्या प्रश्नावल्या यांच्यातला मध्यक सहसंबंध फक्त ०.१९ निघाला. शांत खोलीत, समोर अनोळखी मोठं माणूस, नवीन यंत्र, वीस मिनिटांचं काम: या परिस्थितीत हे मूल बहुधा सगळ्यांत चांगलं वागतं. त्यामुळे चाचणी 'नॉर्मल' आली म्हणून शिक्षिकेचं म्हणणं खोटं ठरत नाही.

३० टक्क्यांचा नियम हा बार्कलींचा ढोबळ नियम आहे, मोजमाप नव्हे. नऊ वर्षांच्या मुलाकडून स्वतःला आवरणं, सामान सांभाळणं, वाट पाहणं या बाबतीत साधारण सहा वर्षांच्या मुलाइतकी अपेक्षा ठेवा, एवढाच त्याचा उपयोग. याच्या जवळ जाणारा मेंदूचा पुरावा फिलिप शॉ यांच्या २००७ च्या अभ्यासात आहे. एडीएचडी असलेली २२३ मुलं आणि नसलेली २२३. मेंदूच्या बाह्यपटलाचे निम्मे बिंदू कमाल जाडीला पोचण्याचं मध्यक वय पहिल्या गटात १०.५, दुसऱ्यात ७.५. उशीर सर्वांत जास्त कपाळामागच्या भागात होता. पण ही गटाची सरासरी आहे. एका मुलाचा एमआरआय काढून निदान होत नाही, हे त्याच दमात सांगा, नाहीतर पालक स्कॅनच्या मागे धावतात. आणि मागे असतं ते स्वनियमन, बुद्धी नव्हे. हे स्पष्ट केलं नाही तर शिक्षक चौथीतल्या मुलाला पहिलीचा अभ्यास द्यायला लागतात. अभ्यास चौथीचाच ठेवायचा, आधार पहिलीच्या मुलाला देतो तसा द्यायचा.

---

सुरंगी

विशेष शिक्षणाच्या बाजूने लिहिते. मोठ्या वर्गात टिकते ती पद्धत म्हणजे रोजचं वर्तनकार्ड. बार्कलींच्या पालक-प्रशिक्षणात हे कार्ड शेवटाकडे येतं. आधी घरी मुलाशी रोज १५-२० मिनिटांचा टीका-सूचना नसलेला वेळ, मग नेमक्या सूचना द्यायची सवय, मग टोकन, मग दंड आणि 'बाजूला बसणं', मग बाहेरची ठिकाणं आणि मग शाळा. आपल्याकडे उलटं होतं. शाळा थेट कार्डापासून सुरुवात करते, घरी त्याचं काय करायचं हे कुणी सांगत नाही, आणि दहा दिवसांत कार्ड दप्तराच्या तळाशी जातं.

कार्ड असं बनवा. पोस्टकार्डाएवढा जाड कागद. वर दिवसाचे भाग, पण आठ तासिकांचे आठ रकाने नकोत. पंचेचाळीस मुलांत प्रत्येक तासाला कुणी भरत नाही. तीन भाग पुरतात: परिपाठ ते छोटी सुट्टी, छोटी ते मोठी सुट्टी, मोठी सुट्टी ते शाळा सुटेपर्यंत. डावीकडे जास्तीत जास्त तीन वर्तनं. प्रत्येक चौकटीत २, १ किंवा ०. शिक्षिकेला एकूण नऊ आकडे लिहायचे, एका वेळी तीन, सुट्टीची घंटा झाली की. याला अर्धं मिनिटही लागत नाही.

वर्तन कसं लिहिता त्यावर निम्मं यश आहे. 'नीट वागणे', 'लक्ष देणे', 'त्रास न देणे' हे लिहूच नका. डोळ्यांना दिसेल आणि मोजता येईल असं लिहा: 'सांगितल्यापासून एका मिनिटात वही उघडली', 'दिलेल्या पाच उदाहरणांपैकी किमान चार पूर्ण केली', 'बोलायच्या आधी हात वर केला'. तिन्हींपैकी एक वर्तन असं निवडा जे मूल आजच बऱ्यापैकी करतं. पहिल्या आठवड्यात त्याला गुण मिळाले पाहिजेत, नाहीतर खेळ सुरू होण्याआधीच हरल्यासारखं होतं.

लक्ष्य अंदाजाने ठरवायचं नाही. आधी पाच दिवस मुलाला काही न सांगता, बक्षीस न देता गुण नोंदवा. समजा १८ पैकी सरासरी ७ आले, तर पहिलं लक्ष्य ८ किंवा ९. आठवड्यातले चार दिवस ते गाठलं की १० करा. शिक्षक उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी १५ ठेवतात आणि मग 'या मुलावर कशाचाच परिणाम होत नाही' म्हणतात.

बक्षीस त्याच दिवशी घरी. महिनाअखेरीची सायकल उपयोगाची नाही, कारण दूरचं बक्षीस डोळ्यांसमोर धरून ठेवणं हीच तर या मुलाची अडचण आहे. साधी यादी पुरते: रात्रीची गोष्ट दहा मिनिटं जास्त, बाबांसोबत एक कॅरमचा डाव, रविवारच्या नाश्त्याला काय करायचं ते मुलाने ठरवणं. आठ-नऊ वर्षांपर्यंत हातात धरता येणारं टोकन चांगलं: बटणं, सोंगट्या, प्लास्टिकच्या चकत्या. मोठ्यांना वहीत गुण. बार्कलींचा हिशोब असा की रोजच्या कमाईतला साधारण दोन तृतीयांश भाग रोजच्या सवलतींवर खर्च व्हावा आणि उरलेला मोठ्या गोष्टीसाठी साठावा. सगळंच साठवायला लावलं तर टोकनाची गोडी जाते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पहिल्या आठवड्यात एकही टोकन काढून घ्यायचं नाही. फक्त द्यायची. दंड नंतर, तोही आधी सांगितलेल्या एक-दोन गोष्टींसाठीच. ज्या घरी पहिल्याच दिवशी 'आण इकडे दोन चकत्या' सुरू होतं तिथे मूल दुसऱ्या दिवशी डबाच लपवतं.

कार्डाचं काय बिघडतं ते शिक्षकांना आधीच सांगून ठेवा. कार्ड हरवलं तर त्या दिवशी शून्य, चर्चा नाही. नाहीतर वाईट दिवसाचं कार्ड नेमकं हरवायला लागतं. कार्डावर तक्रारीचा निबंध लिहायचा नाही. घरी आल्यावर पालकांनी आधी चांगले आकडे वाचायचे, मग शून्यावर एकच प्रश्न: "उद्या इथे एक मिळवायला काय करू या?" दुसऱ्या दिवशी सकाळी नवं कोरं कार्ड, कालचा उल्लेख नाही. आणि बदली शिक्षक येणार असतील तर कार्ड कुठे ठेवलंय हे हजेरीपटाच्या पहिल्या पानावर चिकटवा.

कार्डाशिवाय तीन बदल, तिन्ही बिनखर्ची. मुलाची जागा शिक्षिकेच्या फिरण्याच्या वाटेवर, म्हणजे कडेच्या रांगेत पुढून दुसरा बाक. पहिला बाक फळ्याजवळ असला तरी शिक्षिका वर्गात फिरताना तो पाठीमागे पडतो. दहा उदाहरणांचं पान मधून कापून पाच-पाच द्या, पहिलं पान आणून दाखवलं की दुसरं. त्यात उठून चालणंही होतं. आणि वेळ डोळ्यांना दिसू द्या. बार्कलींच्या प्रयोगांत या मुलांना १२ ते ६० सेकंदांचे कालखंड नेमके परत करून दाखवायला जड गेलं. 'दहा मिनिटांत संपवा' याला त्यांच्या लेखी फारसा अर्थ नसतो. भिंतीवरच्या काट्याच्या घड्याळावर लाल टिकली लावा: मोठा काटा इथे आला की वही बंद.

सूचना एका वेळी एक. मुलाच्या बाकापाशी जाऊन, नजर मिळवून, प्रश्न न करता. "वही काढतोस का?" याला 'नाही' हे उत्तर होऊ शकतं. "वही काढ" म्हणा आणि पाच सेकंद गप्प राहा. हे पाच सेकंद शिक्षकांना सरावात घड्याळ लावून करायला लावा. बहुतेक जण दुसऱ्या सेकंदाला सूचना पुन्हा देतात, आणि पहिल्या सूचनेचं वजन तिथेच संपतं.

---

डॉ. बकुळ

वरच्या दोन्ही उत्तरांना पूर्ण अनुमोदन. मी शांत मुलं आणि औषध यांबद्दल लिहितो.

खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलांचं वर्णन १९८० च्या दशकापासून होतंय. बेन लेही आणि कॅरिन कार्लसन यांनी तेव्हाच पाहिलं की स्वप्नाळूपणा, सुस्ती, गोंधळल्यासारखं दिसणं, मंद हालचाल ही लक्षणं अवधानाच्या नेहमीच्या लक्षणांपासून वेगळी गोळा होतात. त्याला 'स्लगिश कॉग्निटिव्ह टेम्पो' म्हणत. बार्कलींनी २०१३ साली अमेरिकेतल्या १८०० मुलांच्या पालकांकडून माहिती घेऊन दाखवलं की हा गट एडीएचडीशी बराच गुंतलेला असला तरी तोच नाही. ही लक्षणं ठळक असलेल्यांत निम्म्याहून थोडी जास्त मुलं एडीएचडीतही बसतात, बाकीची बसत नाहीत. २०२२ मध्ये अभ्यासकांच्या गटाने 'कॉग्निटिव्ह डिसएंगेजमेंट सिंड्रोम' हे नवं नाव सुचवलं, कारण जुन्या नावात मुलाला मठ्ठ म्हटल्यासारखं होतं. डीएसएममध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तकात, हे निदान नाही, त्यामुळे शाळेने कागदावर ते लिहायचं नाही. फरक ओळखायला सोपी खूण अशी: एडीएचडी असलेलं मूल बाहेरच्या गोष्टीने खेचलं जातं, हे मूल आतल्या विचारात बुडतं. पहिलं भराभर लिहून चुका करतं, दुसरं हळू लिहितं आणि पान अर्धं राहतं. या गटात उद्धटपणा, मारामारी कमी. चिंता, उदासी जास्त. म्हणून त्यांच्यासाठी वर्तनकार्डाआधी मनःस्थितीची चौकशी करा.

शांत मुलाला कुठलंही नाव देण्याआधी वैद्यकीय कारणं वगळावी लागतात. सर्वांत आधी झोप: घोरणं, तोंड उघडं ठेवून झोपणं, रात्री अकरानंतर मोबाईल. मग रक्तक्षय आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, ऐकू येणं, चष्मा. आणि एक गोष्ट शिक्षकांनाच आधी दिसते, ती म्हणजे अॅबसेन्स प्रकारचे झटके. मूल बोलता बोलता शब्दाच्या मध्येच थांबतं, नजर स्थिर, पापण्या फडफडतात, आणि साधारण दहा सेकंदांत काही झालंच नाही असं पुढे चालू होतं. स्वप्नाळू मूल खांद्याला हात लावला की भानावर येतं, हे येत नाही. दिवसातून अनेकदा होतं. दवाखान्यात तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावला की बहुधा झटका समोर दिसतो, आणि ईईजीत (मेंदूच्या विद्युत आलेखात) सेकंदाला तीन या गतीचा नमुना येतो. याचं औषध पूर्ण वेगळं. शिक्षकांना सांगा, शंका आली तर मोबाईलवर उपदेश नको, वेळ आणि वर्णन कागदावर लिहून पालकांना द्या.

प्रश्नावली वापरणार असाल तर व्हँडरबिल्ट मोफत मिळते, ६ ते १२ वयासाठी. शिक्षकांच्या फॉर्ममध्ये ४३ प्रश्न असतात. पहिले नऊ अवधानाचे, पुढचे नऊ चंचलतेचे. ० ते ३ पैकी उत्तर २ किंवा ३ असेल तरच लक्षण धरायचं. नऊपैकी सहा हवीत, शिवाय शेवटच्या अभ्यास-वर्तनाच्या भागात कुठेतरी ४ किंवा ५, म्हणजे अडचण, हवा. जूनमध्ये भरायला देऊ नका. शिक्षिकेला मूल कळायला निदान महिना-दीड महिना लागतो, ऑगस्ट बरा. आणि मुलाची जन्मतारीख बघा. वर्गातल्या सर्वांत लहान मुलांना एडीएचडीचं निदान जास्त होतं, असं अनेक देशांत दिसलंय. तुलना वर्गाशी नको, वयाशी हवी. निदानाला लक्षणं सहा महिने, दोन ठिकाणी आणि १२ वर्षांआधी सुरू झालेली असावी लागतात.

औषधाबद्दल शिक्षकांनी मत देऊ नये, पण माहिती असावी. एडीएचडीवरच्या मिथाइलफेनिडेट या औषधाची साधी गोळी अर्ध्या ते एक तासात लागू होते आणि साधारण चार तास टिकते. सहा वर्षांवरील मुलाला बहुधा ५ मिलिग्रॅमपासून सुरू करून आठवड्याला ५ ते १० ने वाढवतात. इथे आपल्याकडची एक खास चूक होते. मूल दुपारच्या सत्रात, शाळा साडेबाराला, आणि गोळी सकाळी सात वाजता नाश्त्यासोबत. मूल शाळेत पोचतं तेव्हा औषध उतरलेलं असतं आणि शिक्षिका लिहितात, 'औषधाने फरक नाही'. म्हणून शाळेचं सत्र कोणतं, गोळी किती वाजता, हे दोन आकडे निरीक्षणाच्या कागदावर सर्वांत वर हवेत. औषधाने दुपारच्या डब्याची भूक मरते आणि उशिराच्या डोसाने झोप बिघडते, तेही नोंदवा. वजन, उंची, नाडी, रक्तदाब डॉक्टर बघतील. सुरू करण्याआधी घरात कुणाचा तरुणपणी अचानक हृदयाने मृत्यू झालाय का, हे विचारलं गेलेलं असावं. हे औषध आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत, आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक औषधविक्रेता दोन वर्षं ठेवतो. प्रत्येक दुकानात मिळत नाही, म्हणून महिनाअखेरीला गोळ्या संपून मूल अचानक बिघडलेलं दिसू शकतं. अॅटोमॉक्सेटिन हे दुसरं औषध वेगळं: वजनाप्रमाणे किलोला ०.५ मिलिग्रॅमने सुरुवात, मग १.२ पर्यंत, आणि परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे. दहाव्या दिवशी 'काही होत नाही' म्हणून बंद करणं ही त्यातली नेहमीची चूक.

औषध की वर्तनोपचार हा वाद सत्रात निघेलच. अमेरिकेतल्या एमटीए अभ्यासात, १९९९, ५७९ मुलं होती. मूळ लक्षणांवर काटेकोर औषधोपचार वरचढ ठरला. पण दोन्ही उपचार मिळालेल्या गटाला कमी औषध पुरलं, दिवसाला सरासरी ३१.२ मिलिग्रॅम, नुसतं औषध घेणाऱ्यांना ३७.७.

---

पाटीपुस्तक

मनापासून आभार. कडेच्या रांगेतली जागा आणि दुपारच्या सत्रातली गोळी, हे दोन्ही थेट सत्रात घेते. अजून दोन प्रश्न. कार्ड किती काळ चालवायचं? 'सवय लागली की बंद' असं शिक्षक गृहीत धरतात. आणि बार्कलींच्या २०१९ च्या अभ्यासातला आयुर्मान घटण्याचा आकडा स्लाइडवर घ्यावा का? 'मोठं झाल्यावर आपोआप जातं' म्हणणाऱ्या पालकांना गांभीर्य कळावं म्हणून विचारते आहे.

---

अंशछेद

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, संशोधनपद्धती हा माझा विषय.

तो आकडा अमेरिकेतल्या मिलवॉकी इथल्या बार्कलींच्या दीर्घकालीन अभ्यासातून आला. १५८ अतिचंचल मुलं आणि तुलनेसाठी ८१, लहानपणापासून सत्ताविशीपर्यंत. लहानपणी एडीएचडी असलेल्यांचं अंदाजित एकूण आयुर्मान ८.४ वर्षांनी कमी निघालं. पण हे मृत्यू मोजून काढलेलं नाही. धूम्रपान, मद्य, वजन, झोप, शिक्षण, उत्पन्न, वाहन चालवणं अशा बाबी विमाशास्त्राच्या गणकयंत्रात घालून आलेला तो अंदाज आहे. यातल्या बऱ्याच बाबी बदलता येतात, हाच त्या निबंधाचा आशय. मृत्यूंच्या नोंदींवर आधारित पुरावा हवा असेल तर ब्रिटनचा २०२५ चा अभ्यास आहे: निदान झालेल्या पुरुषांत ६.७८ आणि स्त्रियांत ८.६४ वर्षं कमी. तिथे प्रौढांत निदान फार कमी होतं, म्हणजे निदान झालेले बहुधा जास्त अडचणीतले. तिसरीच्या मुलाच्या आईसमोर यातला एकही आकडा ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. भीतीने घरातली शिक्षा वाढते, कार्ड भरलं जात नाही.

'आपोआप जातं' याला मिलवॉकीच्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष जास्त उपयोगी आहे. मुलं विशीत आल्यावर त्यांनाच विचारलं तर फक्त ५ टक्के निकषांत बसले. पालकांना विचारलं तर ४६ टक्के. लहान मुलांसाठी लिहिलेल्या निकषांऐवजी त्या वयाच्या इतर लोकांशी तुलना केली, तर पालकांच्या सांगण्यावरून ६६ टक्के आणि स्वतःच्या सांगण्यावरून १२ टक्के. मुलं तीच. उत्तर कुणाचं आणि पट्टी कोणती, एवढ्यानेच 'बरं झालं' आणि 'राहिलं' यांचं पारडं फिरतं. बाकावरून उठणं वयानुसार कमी होतं, म्हणून गेल्यासारखं दिसतं. काम अर्धवट सोडणं, वेळ चुकणं राहतं. स्लाइडवर हे चार आकडे घ्या.

---

सुरंगी

कार्डाच्या कालावधीबद्दल. बार्कलींनी मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर इथे बालवाडीच्या वयातल्या १५८ आक्रमक-चंचल मुलांवर प्रयोग केला होता, २००० साली प्रसिद्ध झाला. पालक-प्रशिक्षणाचा वेगळा परिणाम दिसला नाही, कारण बरेच पालक आलेच नाहीत. खास वर्गातल्या पद्धतीने वर्तन सुधारलं. पण वर्ग संपल्यानंतर दोन वर्षांनी तपासलं तेव्हा ती सुधारणा उरली नव्हती. अनेकांना हे निराशाजनक वाटतं. मला ते प्रामाणिक आणि उपयोगी वाटतं. आधार काढला की वर्तन घसरतं, म्हणून आधार किती काळ याचं उत्तर 'गरज असेपर्यंत' असंच आहे. चष्म्याला कुणी सवय लागली म्हणून काढत नाही.

व्यवहारात असं करा. सलग तीन आठवडे लक्ष्य गाठलं की तीन रकान्यांचे दोन करा. आणखी तीन आठवड्यांनी दिवसाचा एकच आकडा. मग आठवड्यातून दोनदा, पण कोणत्या वारी ते मुलाला आधी कळू द्यायचं नाही. कोणत्याही टप्प्यावर सलग तीन दिवस घसरण झाली की मागच्या टप्प्यावर परत, रागावणं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा, सहामाही परीक्षा आणि नवीन वर्गशिक्षिका या तीन वेळी पूर्ण कार्ड आधीच सुरू करून ठेवा. साधारण दोन महिन्यांत बक्षिसांची यादी शिळी होते, ती मुलासोबत बसून बदला. कार्ड 'काम करेनासं झालं' अशी तक्रार आली की मी आधी यादीच बघते.

आणि वर्ष संपताना एप्रिलमध्ये एका पानावर लिहून ठेवा: कोणती तीन वर्तनं, कोणतं लक्ष्य, कोणती जागा, कोणतं बक्षीस चाललं, गोळी असेल तर किती वाजता. ते पान जूनमध्ये पुढच्या शिक्षिकेच्या हातात, वर्ग सुरू व्हायच्या आधी. सत्रात वेळ उरला तर शिक्षकांकडून हे पान कोरं भरून घ्या, मी नमुना खाजगी निरोपातून पाठवते.